आजीच्या फोटोतले पातळ : १९५० च्या दशकातील सातारा-सांगलीकडच्या स्त्रियांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या ट्रंकेच्या तळाशी इरकली लुगडे सापडते, भिंतीवरून उतरवलेल्या फोटोमागे स्टुडिओचा शिक्का दिसतो किंवा शाळेचा पिवळा पडलेला दाखला हाती येतो, आणि मग घरातली तरुण मंडळी विचारू लागतात. त्यांचे प्रश्न बहुधा कपड्यांपासून सुरू होतात आणि शाळा, पगार, गाणे, जमीन असे वळत जातात. असे नेहमी येणारे प्रश्न पुढे उत्तरांसह दिले आहेत.

आजीच्या दाखल्यावर जिल्हा 'दक्षिण सातारा' लिहिला आहे. ही चूक आहे का?

चूक नाही. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. सांगली, मिरज आणि जत या संस्थानांचा मुलूख, तसेच औंध संस्थानातील आटपाडी आणि कुंडलकडची गावे दक्षिण साताऱ्यात आली. औंध आणि फलटण उत्तरेकडे राहिले. 'सांगली जिल्हा' हे नाव १९६० मध्ये मिळाले. त्यामुळे पन्नासच्या दशकात सांगलीत राहणारी मुलगी कागदोपत्री दक्षिण सातारची असे.

हा केवळ नावाचा मामला नव्हता. विलीनीकरणापूर्वी ब्रिटिश मुलखातले गाव आणि संस्थानातले गाव यांच्यात कधीकधी एका ओढ्याचे अंतर असे, पण शाळांचा कारभार वेगळा असे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना शिक्षणाची आणि चित्रकलेची मनापासून आवड होती, त्यामुळे त्यांच्या मुलखात शाळांकडे लक्ष दिले जाई. इतर ठिकाणी शाळा गावच्या चावडीत किंवा देवळाच्या ओवरीत भरत असे. शेजारशेजारच्या दोन गावांतल्या एकाच वयाच्या दोन बायकांपैकी एक सातवी झालेली आणि दुसरी अंगठा उठवणारी का, याचे अर्धे उत्तर या सीमारेषेत सापडते.

'फायनल पास' म्हणजे नेमके किती शिक्षण?

मराठी सातवी. सातवीच्या अखेरीस प्राथमिक शाळेची सार्वजनिक परीक्षा होत असे आणि तिलाच लोक 'फायनल' म्हणत. आज सातवी म्हणजे काहीच नाही असे वाटते. त्या काळी फायनल पास झालेल्या मुलीला प्राथमिक शिक्षिका होण्याचा मार्ग खुला होत असे, आणि म्हणून मुलीच्या नावापुढे हे दोन शब्द पदवीसारखे लावले जात. १९५१ च्या जनगणनेत देशातील स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण ८.८६ टक्के होते, हे लक्षात घेतले की या परीक्षेचे वजन कळते.

फायनलच्या पुढे हायस्कूल आणि अकरावीची परीक्षा. ही परीक्षा पूर्वी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक होती. १९४९ पासून तिच्या जागी एस.एस.सी. आली, तरी लोकांच्या तोंडी 'मॅट्रिक' हाच शब्द पुढे कितीतरी वर्षे राहिला. त्यामुळे १९५६ साली परीक्षा दिलेली आजी 'मी मॅट्रिक झाले' असे म्हणत असेल, तर ती एस.एस.सी.बद्दलच बोलत आहे.

मुलींची शाळा मध्येच का सुटत असे?

लग्न हे एकच कारण बहुतेक जण सांगतात आणि ते खरेही आहे. कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १९४९ मध्ये चौदावरून पंधरा करण्यात आले, म्हणजे कायदा पाळणाऱ्या घरातही नववी-दहावीच्या वयात स्थळे येऊ लागत. पण त्याच्याही आधी शाळा सुटे ती धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी, नदीवरून किंवा आडावरून पाणी आणण्यासाठी आणि सुगीच्या दिवसांत रानात हात लावण्यासाठी. शिवाय गावात चौथीपर्यंतच शाळा असेल तर पाचवीसाठी दुसऱ्या गावी चालत जावे लागे. मुलाला धाडत, मुलीला एकटीला कोण धाडणार? त्यामुळे गावातून आणखी दोन-तीन मुली निघाल्या तरच एकीचे शिक्षण होत असे. मैत्रिणीचे लग्न ठरले म्हणून हिची शाळा बंद झाली, अशी उदाहरणे म्हाताऱ्या बायका आजही हसत हसत सांगतात. त्या हसण्यावर फार विश्वास ठेवू नये.

मुलींसाठी वेगळ्या शाळा होत्या का, आणि कॉलेजात मुली जात का?

महर्षी कर्वे यांच्या हिंगणे येथील संस्थेच्या कन्याशाळा सातारा आणि वाई येथे होत्या, आणि मुलांबरोबर वर्गात बसवायला तयार नसलेल्या घरांची मोठीच अडचण त्यांनी सोडवली. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच सातारा जिल्ह्यात आहे. मात्र त्यांच्या गावाच्या पंचक्रोशीत मुलींचे शिक्षण रुजायला त्यांच्या जन्मानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला, हेही सांगितले पाहिजे.

कॉलेजांमध्ये सांगली-मिरजेच्या मधोमध असलेले विलिंग्डन कॉलेज १९१९ पासूनचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज काढले. कराडच्या कॉलेजचा परिणाम विशेष मानला पाहिजे, कारण त्यामुळे कृष्णा-कोयनेकाठच्या शेतकरी घरांतील मुलींना घरी राहून शिकता येईल एवढ्या अंतरावर कॉलेज आले. वर्गात मुली पुढच्या बाकांवर बसत, प्राध्यापकांच्या पाठोपाठ आत येत आणि त्यांच्या पाठोपाठच बाहेर पडत.

शिक्षिकेची नोकरी एवढी महत्त्वाची का मानतात?

माझ्या मते त्या दशकातील या भागातल्या स्त्रियांचा इतिहास या एका नोकरीभोवती फिरतो. फायनल, मग ट्रेनिंग कॉलेज, मग स्कूल बोर्डाची किंवा नगरपालिकेची शाळा, हा रस्ता सामान्य घरातील मुलीसाठी पगारापर्यंत जाणारा जवळजवळ एकमेव रस्ता होता. दुसरा रस्ता परिचारिकेचा. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात परिचारिकांचे शिक्षण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होत होते. परंतु रात्रपाळी आणि परक्या पुरुषांची शुश्रूषा यांमुळे हिंदू घरे त्या वाटेला लवकर गेली नाहीत. ख्रिस्ती मुली तिथे आधी पोचल्या.

बदलीच्या गावी एकटी खोली घेऊन राहणाऱ्या बाईंना गाव आधी निरखून पाहत असे आणि मग हळूहळू मानू लागे. पत्र वाचून दाखवणे, मनीऑर्डरच्या फॉर्मवर मजकूर लिहिणे, लग्नपत्रिकेतील शुद्धलेखन तपासणे ही सगळी कामे तिच्याकडे येत. गावातल्या पहिल्या छत्रीवाल्या, पायांत चपला घालणाऱ्या आणि मनगटावर घड्याळ बांधणाऱ्या बाई बहुधा त्याच असत. म्हणून पाचवारी नेसण्याची चाल खेड्यात सिनेमामुळे आली की मास्तरीणबाईंमुळे, असे विचारले तर माझे उत्तर मास्तरीणबाई असे आहे. सिनेमातली नटी तालुक्याच्या तंबूत दिसे; बाई रोज सकाळी अकराला समोर दिसत.

१९४८ नंतरच्या परिस्थितीचाही यात भाग आहे. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत आणि पुढे कसणाऱ्या कुळाला जमीन देणाऱ्या कुळकायद्यामुळे खेड्यातील अनेक ब्राह्मण कुटुंबांचा जमिनीचा आधार सुटला आणि ती साताऱ्यात, सांगलीत किंवा पुण्यात आली. त्या घरांतील मुलींना नोकरी करू द्यावी की नाही, हा वाद गरजेपुढे फार टिकला नाही.

नऊवारी, पाचवारी, लुगडे आणि पातळ यांत फरक काय?

हातमागाच्या जाड नऊवारीला लुगडे म्हणत, गिरणीच्या तलम वस्त्राला पातळ म्हणत, आणि काष्टा न घालता नेसायच्या पाचवारीला गोल पातळ किंवा गोल साडी म्हणत. आपल्याकडे लुगड्यांत इरकलीला फार मान होता: गडद अंग, रेशमी काठ आणि तांबडा टोपपदर. तिच्यावर गुळेदगुड्डच्या खणाची चोळी. दोन्ही गोष्टी कर्नाटकातून येत आणि सांगलीच्या कापड पेठेत मिळत. रोजच्या वापराला इचलकरंजीचा माल असे, तर संक्रांतीला काळी चंद्रकळा लागे.

काष्टा सोडून गोल नेसणे हा त्या वेळी साधा बदल नव्हता. सोवळ्याच्या स्वयंपाकाला आणि पूजेला काष्टाच हवा, असा जुन्या बायकांचा आग्रह असे आणि गोल नेसलेल्या सुनेला देवघरात जाऊ न देणारी घरे होती. तडजोड म्हणून शिकलेल्या सुना शाळेत गोल नेसत आणि घरी आल्यावर नऊवारी नेसून चुलीपुढे बसत. दुसऱ्या महायुद्धातील कापडटंचाई आणि रेशनचे कापड यांचा अनुभव ताजा असल्यामुळे नवाच्या जागी पाच वारांत भागते, हा खर्चाचा मुद्दाही सासरच्या पुरुषांना पटत असे. आज नऊवारीला बंधनाचे आणि पाचवारीला मोकळीकीचे चिन्ह मानतात, ते मला तितकेसे पटत नाही. रानात भांगलायला, ऊस तोडायला, झाडावर चढायला आणि फुगडी घालायला नऊवारीइतके सोयीचे वस्त्र नाही, आणि शेतकरी बायकांनी ते सोडले नाही याचे कारण जुनाटपणा नसून कामाची सोय हे होते.

१९५६ च्या धर्मांतराच्या वेळी बौद्ध झालेल्या स्त्रियांनी पांढरी लुगडी नेसली, याची आठवण इथल्या अनेक घरांत आहे. मांग-महारांच्या बायकांनी काय नेसावे आणि कोणते दागिने घालावेत, यावर गावाची नजर असे. त्या पार्श्वभूमीवर त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ समजून घ्यावा लागतो.

फोटोवरून साल ओळखता येते का?

अंदाज बांधता येतो. साधारणपणे पाठीला गाठीची खणाची चोळी, मग झंपर किंवा पोलके, आणि मग हुकांचा ब्लाउज असा क्रम दिसतो, पण एकाच फोटोत आजी, आई आणि मुलगी या तिघींच्या अंगावर तिन्ही प्रकार असू शकतात. कपाळावर मेणावर लावलेली पिंजर (कुंकू) असेल तर कडा किंचित अस्पष्ट दिसते. चिकटवायची टिकली बऱ्याच नंतरची. शाळकरी मुलींच्या दोन वेण्या रिबिनीने वर बांधलेल्या असतात, तर थोरल्यांचा खोपा किंवा अंबाडा असतो आणि त्यावर शेवंतीची किंवा अबोलीची वेणी.

तीन गोष्टींवर मात्र विसंबू नये. पहिली म्हणजे रंग, कारण काळ्यापांढऱ्या फोटोवर स्टुडिओतच हाताने रंग भरत आणि हिरव्या पातळाचे जांभळे होऊन जात असे. दुसरी म्हणजे दागिने. ते जावेचे, नणंदेचे किंवा शेजारणीचे असू शकतात. आणि हातातले पुस्तक. ते टेबलावरच्या फुलदाणीसारखे आणि मागच्या रंगवलेल्या पडद्यासारखेच स्टुडिओच्या मालकीचे असे, त्यामुळे त्यावरून आजी वाचत होती असा निष्कर्ष काढू नये. माझ्या मावशीच्या फोटोत पुस्तक उलटे धरलेले आहे.

फोटोबरोबर पावती सापडली तर अधिक चांगले. रक्कम रुपये-आणे-पै अशी असेल तर ती बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीची, आणि नव्या पैशांत असेल तर नंतरची.

दागिने कोणते होते आणि ते कोणाच्या मालकीचे मानत?

गळ्यात डोरले किंवा मंगळसूत्र, ठुशी, बोरमाळ, वज्रटीक आणि ऐपत असेल तर कोल्हापुरी साज. कानात कुड्या आणि वरच्या पाळीला बुगडी. हातात काचेच्या बांगड्यांच्या मध्ये पाटल्या आणि बिलवर. पायांत जोडवी आणि मासोळ्या. मालकीचा प्रश्न अवघड आहे. स्त्रीधन म्हणून ते तिचे. पण बैल मेला, विहीर खणायची झाली किंवा मुलाला शिकायला धाडायचे झाले की पहिली नजर तिच्या पाटल्यांवर जाई. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांनी साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी आपले दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. त्या १९३० मध्ये वारल्या. पन्नासच्या दशकात ज्या मुली रयतच्या शाळांत शिकल्या, त्यांच्या शिक्षणाच्या मुळाशी एका बाईचे सोने आहे.

शिवणयंत्र आणि भरतकाम यांना इतके महत्त्व का?

शाळेत मुलींना शिवण-टिपण हा विषय असे आणि लग्नाच्या बोलणीत भरलेले टेबलक्लॉथ, क्रोशाचे रुमाल आणि मण्यांची तोरणे पाहुण्यांना दाखवली जात. साखळी टाका, काश्मिरी टाका, उलटी टीप हे शब्द त्या पिढीच्या तोंडी अजून आहेत. शिवणयंत्र आले आणि या हौसेचा पैसा होऊ लागला: शेजारपाजारची परकर-पोलकी, झबली-टोपडी शिवून विधवा आणि टाकलेल्या बायका घर चालवू लागल्या. ती मिळकत कोणत्याही वहीत नोंदलेली नाही.

बायकांच्या या घरगुती कलेला 'कला' म्हणावे का?

म्हणावे. वाकळ (गोधडी) शिवताना जुन्या लुगड्यांचे काठ कुठे लावायचे याचा निर्णय हा रंगसंगतीचाच निर्णय असतो. जात्यावरची ओवी ही कविताच आहे, आणि हादग्याच्या गाण्यांत सासरची जेवढी टिंगल आहे तेवढी त्या काळच्या छापील साहित्यात आढळत नाही. (पुण्याकडचे वाचक त्याला भोंडला म्हणतील, आपल्याकडे तो हादगाच.) नागपंचमीला झिम्मा-फुगडीसाठी माहेरी आलेल्या लेकींची रात्र ही गाणी घडण्याची आणि पसरण्याची जागा होती.

ही गाणी कागदावर येण्याचे मोठे श्रेय डॉ. सरोजिनी बाबर यांना जाते. त्यांचा जन्म १९२० मध्ये वाळवा तालुक्यातील बागणी येथे झाला. १९५० पासून निघणाऱ्या 'समाज शिक्षण माले'तून त्यांनी नवसाक्षरांसाठी सोपी पुस्तके काढली आणि बायकांच्या तोंडची गाणी, उखाणे, सण आणि रीती गोळा केल्या. त्या आमदारही होत्या, पण खेड्यातल्या बायकांनी त्यांच्यापुढे गळा मोकळा केला तो त्या वाळव्याकडची भाषा बोलत म्हणून, असे मला वाटते.

गाणे आणि रंगभूमी यांत स्त्रियांना कितपत वाव होता?

इथे घराण्यावर आणि जातीवर सारे अवलंबून असे. सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये नाटक उभे केले तेव्हा स्त्रियांची कामे पुरुषच करीत, आणि ती प्रथा शतकभर टिकली. तिचा कळस म्हणजे मूळचे नागठाण्याचे बालगंधर्व. त्यांच्या रंगमंचावरील पातळाच्या, नथीच्या आणि वेणीच्या ढबीचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, म्हणजे स्त्रियांची फॅशन एक पुरुष ठरवत होता. मिरजेत १९०५ मध्ये जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर यांनी हा क्रम मोडला. अब्दुल करीम खाँ यांची ही मुलगी तिकीट लावून, सार्वजनिक सभागृहात, साध्या पोशाखात बसून गायली आणि गाणारी बाई म्हणजे कोठीवरची बाई हा समज तिने ढिला केला. पन्नासच्या दशकात मुलीला पेटीवर चार राग शिकवायला मध्यमवर्गीय बाप तयार होऊ लागले, त्यामागे हिराबाईंचे उदाहरण होते.

तमाशातील आणि लावणीतील स्त्रियांना हा मान मिळाला नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांची अदाकारी आणि गळा तेव्हाही तोच होता. पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी.

त्या काळी बायका वाचत काय?

किर्लोस्करवाडीहून १९३० पासून निघालेले 'स्त्री' मासिक शिकलेल्या घरांत येत असे. शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार असल्यामुळे मुखपृष्ठावर विशेष लक्ष दिले जाई, आणि आतल्या मजकुरात पाककृतीच्या शेजारी घटस्फोटावरचा लेख असे. एका अंकाला वाचक मात्र दहा-बारा: तो वाड्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राही आणि परत येईतो त्यातला भरतकामाचा नमुना कापलेला असे.

घरचा पुरुष मुंबईला असेल तर बाईचे आयुष्य कसे असे?

सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळी, खटाव, माण या भागांतून माणसे गिरण्यांत आणि फौजेत जात. मागे राहिलेली बाई सासू-सासरे, गुरे आणि शेत पाहत असे. तिचे नाव सातबाऱ्यावर नसे, पण बियाणे कोणते आणि कधी पेरायचे हे तिलाच ठरवावे लागे. मनीऑर्डर पोस्टमन सासऱ्याच्या हाती देत असे. त्या दशकात पिठाची गिरणी गावात येणे हा तिच्या दृष्टीने मोठा बदल होता: पहाटेचे दोन तास सुटले, आणि त्याबरोबर जात्यावरच्या ओव्याही.

नव्या कायद्यांचा उपयोग झाला का?

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दुसरी बायको करण्यास बंदी आणि घटस्फोटाची तरतूद या मुंबई राज्यात आधीच आलेल्या दोन्ही गोष्टी कायम केल्या; १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा दिला. प्रत्यक्षात भावाला हक्कसोड लिहून देणारी बहीण चांगली मानली जाई. तिला त्या बदल्यात दिवाळीची चोळी-बांगडी मिळे.

आजीचा शाळेचा पुरावा कसा शोधावा?

ज्या गावी तिचे माहेर होते, त्या गावच्या मराठी शाळेत जुने जनरल रजिस्टर पाहण्याची विनंती करावी. तिथे सासरचे नाव शोधून उपयोग नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव त्या रजिस्टरात आलेले नसते, त्यामुळे तिचे माहेरचे पहिले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव आधी घरातल्या थोरल्यांकडून विचारून घ्यावे. आडनावाच्या जागी कधीकधी नुसते 'पाटील' किंवा 'कुलकर्णी' असे वतनाचे नाव असते. जन्मतारीख १ जून दिसली तर ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली आहे असे धरावे. शाळा सोडल्याच्या रकान्यात मात्र तारीख बहुधा खरी असते, आणि कारणाच्या जागी एखाद्या वेळी 'लग्न' एवढेच लिहिलेले असते.